झाडीतल्या छोट्या कोर्सवर डिस्क गोल्फ: पहिल्या फेरीआधी वाचण्यासाठी

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. एका बास्केटपर्यंतची वाट म्हणजे एक होल, आणि असे होल मिळून कोर्स. हा खेळ शिकायचा तर आधी मोकळ्या मैदानावर जा, असं बहुतेक जण सांगतील. मला ते फारसं पटत नाही. मोकळ्या मैदानावर नवखा माणूस पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे जोर लावणं. दाट झाडीतल्या छोट्या कोर्सवर जोराला कुणी विचारत नाही. डिस्क हातातून सरळ सुटली की नाही, एवढाच तिथला हिशेब. शिवाय होल छोटे असल्यामुळे हात कितीही कच्चा असला तरी दोन-तीन फेकींत बास्केट टप्प्यात येते आणि माणूस कंटाळत नाही.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमधला सेजली वुड्स हा कोर्स आहे. 1977 साली सुरू झालेला हा कोर्स जगातल्या सर्वांत जुन्या, अजूनही खेळत्या असलेल्या कोर्सांपैकी एक. 27 होल, जुनी उंच झाडं, बहुतेक होल तीनशे फुटांच्या आतले आणि खेळायला पैसे लागत नाहीत. न्यू जर्सीत एडिसन-प्लेन्सबरोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना गाडीने साधारण तास-सव्वा तास. तुमच्या जवळ दुसरा एखादा झाडीतला कोर्स असेल तर तिथेही यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल. यूडिस्क नावाच्या ॲपवर जवळचे कोर्स, त्यांचे नकाशे आणि होलची अंतरं मिळतात. पहिल्यांदा जाताना नकाशा हाताशी ठेवाच, कारण झाडीत एका होलची बास्केट सापडली तरी पुढच्या होलची टी, म्हणजे पहिली फेक करायची जागा, कुठे आहे हे पटकन कळत नाही.

थोडा इतिहास, कारण तो खेळ समजायला उपयोगी आहे. आजच्या स्वरूपातली फ्रिस्बी घडवणारे एड हेड्रिक व्हॅम-ओ कंपनीत होते. 1975 साली त्यांनी कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला. तिथे सुरुवातीला बास्केट नव्हत्या, नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की होल पूर्ण. आता लागली की नाही लागली, यावरून वाद होणारच! मग त्यांनी साखळ्या लोंबणारी बास्केट काढली आणि 1977 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. त्यामुळे वाद मिटला. डिस्क साखळ्यांत अडकून राहिली किंवा खालच्या जाळीत पडली तर होल झाला. बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसली तर नाही झाला.

बाकीचे नियम पाच मिनिटांत समजतात. टीवरून पहिली फेक. डिस्क जिथे थांबेल तिथून पुढची. बास्केटमध्ये जाईपर्यंत जितक्या फेकी, तितका त्या होलचा स्कोअर. छोट्या कोर्सवर बहुतेक होलचा पार, म्हणजे अपेक्षित फेकींची संख्या, 3 असते. टीवर आधीच्या होलला ज्याचा स्कोअर कमी तो पहिला फेकतो, त्यानंतर बास्केटपासून जो लांब तो आधी. डिस्क ओबीत, म्हणजे हद्दीबाहेर गेली तर एक फेक दंड. हद्द कुठे आहे ते टीजवळच्या पाटीवर लिहिलेलं असतं. काही होलवर एखाद्या झाडावर बाण लावलेला दिसेल. त्याचा अर्थ डिस्क त्या झाडाच्या बाणाकडच्या बाजूनेच गेली पाहिजे. खेळणारे त्याला मँडो म्हणतात.

पिशवीत काय घ्यायचं

दुकानात गेलात की समोर शे-दोनशे डिस्क टांगलेल्या असतात आणि नवखा माणूस हमखास सगळ्यांत पातळ, धारदार कडेची, "लांब जाते" असं सांगितलेली डिस्क, म्हणजे ड्रायव्हर, उचलतो. ती परत ठेवा. झाडीत ती तुमच्या काही कामाची नाही.

कारण असं. बहुतेक डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. यातला पहिला आकडा 12-13 असलेली डिस्क नीट उडायला तितक्याच वेगाने फिरणारा हात लागतो. तो हात नसेल तर उजव्या हाताच्या माणसाची डिस्क हातातून सुटते आणि लगेच डावीकडे कलंडत झाडीत घुसते. पुटर, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकायची हळू डिस्क, हिचा पहिला आकडा 2-3 असतो. ती हळू फेकली तरी सरळ जाते, फार भरकटत नाही आणि पडल्यावर घसरत लांब जात नाही. दोनशे फुटांच्या होलला आणखी काय हवं?

तीन डिस्क पुरेत. एक पुटर फक्त बास्केटमध्ये टाकायला. दुसरी तशीच पुटर टीवरून फेकायला; ही थोड्या टणक, महाग प्लास्टिकची घ्या, कारण ती झाडांवर आपटणार आहे आणि मऊ प्लास्टिकच्या कडा लवकर चेपतात. तिसरी मिडरेंज, म्हणजे पुटर आणि ड्रायव्हर यांच्या मधली. इनोव्हाची एव्हिअर ही पुटर आणि डिस्कक्राफ्टची बझ ही मिडरेंज जवळजवळ कुठल्याही दुकानात मिळते आणि दोन्ही नवख्यांच्या हाताला बसतात. साध्या प्लास्टिकची डिस्क साधारण दहा डॉलरच्या आसपास, चांगल्या प्लास्टिकची पंधरा ते वीस. चौथी डिस्क घ्यावीशी वाटली तर ती आधीच्याच पुटरची जुळी घ्या, हरवली तर कामी येईल.

पुण्यामुंबईत अल्टिमेट फ्रिस्बी खेळलेले बरेच जण इथे येऊन हा खेळ धरतात. त्यांचा फ्लिक, म्हणजे फोरहँड, आधीच तयार असतो आणि ही मोठी जमेची बाजू आहे. फक्त एक लक्षात ठेवा. अल्टिमेटची 175 ग्रॅमची डिस्क रुंद, बोथट कडेची असते आणि तरंगत राहते. गोल्फची डिस्क लहान, जड कडेची असते आणि वेग ओसरला की एका बाजूला झुकतेच. पहिले चार-पाच होल सगळं डाव्या-उजव्या बाजूला जाईल. हात बदलू नका, निशाणा बदला.

रंगाचाही विचार करा. हिरवी डिस्क उन्हाळ्यात गवतात आणि लाल-पिवळी ऑक्टोबरच्या पाचोळ्यात सापडत नाही. भडक गुलाबी वर्षभर चालते. डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा. सापडलेली डिस्क फोन करून परत देण्याची पद्धत या खेळात आहे आणि ती बऱ्यापैकी पाळली जाते.

टीवर उभं राहिल्यावर

झाडीतला होल टीवरच जिंकला किंवा हरला जातो, आणि तोही डिस्क हातात घेण्याआधी. टीवर पोचल्या पोचल्या फेकू नका. बास्केट दिसत नसेल तर पुढे चालत जाऊन बघून या. मागे कुणी खोळंबलं नसेल तर त्यात काही गैर नाही.

परत आल्यावर बास्केटकडे बघू नका. साठ फुटांकडे बघा. नवख्यांच्या बहुतेक फेकी पहिल्या साठ-सत्तर फुटांतल्याच एखाद्या झाडावर संपतात. तिथे दोन झाडांमध्ये मोकळी जागा कुठे आहे? तिला आपण गॅप म्हणू, सगळे तेच म्हणतात.

समजा होल 210 फुटांचा आहे. साठ फुटांवर दोन ओक, मध्ये सहा फुटांची गॅप, आणि तिच्यातून बरोबर समोर बास्केट चमकतेय. मोह होणारच. आता हिशेब करा. डिस्कची स्वतःची रुंदी 21 सेंटिमीटर. ती वजा केली तर मध्यापासून डावीकडे अडीच अंश आणि उजवीकडे अडीच अंश, एवढीच चूक चालते. हाताने फेकलेल्या वस्तूसाठी अडीच अंश म्हणजे फार थोडे. त्यातल्या डाव्या ओकच्या डावीकडे बारा फुटांची दुसरी गॅप आहे. तिथे सव्वापाच अंशांपर्यंत चूक खपते, म्हणजे दुपटीहून जास्त. त्या गॅपमधून गेलेली डिस्क बास्केटपासून चाळीस फूट डावीकडे पडेल हे खरं, पण ती मोकळ्यात पडेल. तिथून दुसरी फेक बास्केटजवळ, तिसरी आत. पार. सहा फुटांच्या गॅपमधून दहातल्या तीन-चार फेकी गेल्या तरी उरलेल्या सहा-सात झाडावर आपटून कुठे जातील, सांगता येत नाही.

तेव्हा पहिला नियम: सगळ्यांत रुंद गॅप, मग ती बास्केटकडे जाणारी नसली तरी चालेल.

गॅप ठरली की तिच्यामधून पलीकडे बघा आणि लांबवरचा एक बारीक निशाण धरा. एखाद्या खोडावरची गाठ, पांढरं साल, काहीही. "त्या दोन झाडांच्या मधून" असा मोघम निशाण धरला तर नजर आपोआप झाडांवर जाते आणि डिस्क नजरेच्या मागे. हे ऐकायला भोंदूपणा वाटेल, पण टीवर उभं राहून करून बघा.

मग उंची. झाडीत छतही असतं, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. खालच्या फांद्या पंधरा फुटांवर असतील तर तुमची डिस्क आठ-दहा फुटांच्या वर जाता कामा नये. म्हणजे फेक छातीच्या उंचीवरून, जवळजवळ सपाट. बहुतेक वेळा डाव्या-उजव्या झाडांपेक्षा हे छतच जास्त फेकी खातं.

शेवटचं, पडायची जागा. डिस्क कुठे जावी यापेक्षा कुठे जाऊ नये ते आधी ठरवा. उजवीकडे उतार आणि ओढा असेल तर डावीकडची चूक परवडते.

फेक

धावत येऊन फेकणारे लोक व्हिडिओत छान दिसतात. तुम्ही उभ्याने फेका. धावण्यातून वेग मिळतो, अचूकपणा जातो, आणि दोनशे फुटांसाठी उभ्याने फेकलेली पुटर पुरते.

उजव्या हाताच्या माणसाचा बॅकहँड असा. उजवा खांदा निशाणाकडे, पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले. डिस्कच्या कडेखाली बोटं, वर अंगठा. पकड घट्ट, पण मनगट मोकळं. डिस्क मागे न्या आणि छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत ओढून आणा. ही सरळ रेषा सगळ्यांत महत्त्वाची. डिस्क पोटाभोवती गोल फिरवत आणली तर ती कधी लवकर सुटते, कधी उशिरा, आणि साठ फुटांवर एक अंश म्हणजे एक फूट, हे विसरू नका. डिस्क छातीसमोरून जाताना कोपर पुढे, मग मनगट, मग बोटं. सुटल्यावर हात निशाणाकडे जाऊ द्या आणि अंगही सोबत वळू द्या.

जोर किती? सगळी ताकद लावून फेकताना जेवढा लागतो त्याच्या साधारण साठ टक्के. फेकल्यावर तुमचा तोल जात असेल तर जोर जास्त झाला.

डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचललेली असेल तर डिस्क हवेत चढते, थबकते आणि डावीकडे कोसळते. झाडीत तर ती चढतानाच फांदीत अडकते. नाक खाली ठेवण्यासाठी साधी युक्ती अशी, की सोडताना अंगठ्याने डिस्कची पुढची बाजू किंचित दाबल्यासारखं करा. सुरुवातीला डिस्क जमिनीत जाईल. जाऊ द्या. छतात जाण्यापेक्षा ते बरं.

उजव्या हाताचा बॅकहँड शेवटी डावीकडे वळतो आणि फोरहँड उजवीकडे. डावखुऱ्यांचं याच्या उलट. म्हणजे होल शेवटी उजवीकडे वळत असेल तर फोरहँडच सोपा. फोरहँडसाठी तर्जनी आणि मधलं बोट कडेला आतून टेकवायचं, कोपर कमरेजवळ ठेवायचं आणि मनगटाने झटका द्यायचा. खांद्याने फेकू नका, कोपर दुखेल. दोन्ही फेकी येऊ लागल्या की झाडीतला कोर्स निम्मा सोपा होतो. डिस्क बाहेरच्या बाजूने खाली कलवून सोडली, म्हणजे हायझर दिला, तर वळण वाढतं आणि लवकर येतं. आत कलवली, म्हणजे अँहायझर, तर ती उलट दिशेला जाते. अँहायझर पहिल्या फेरीत वापरू नका. ती फेक अजून ताब्यात नसते आणि गॅपमध्ये ती कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

टोमॅहॉक, रोलर वगैरे प्रकार आहेत, नंतर शिका.

झाडाला लागली. आता?

लागणारच. खोडावर आपटल्याचा तो ठोकळ्यासारखा आवाज दर फेरीत अनेकदा ऐकावा लागतो. मुरलेल्या खेळाडूंनाही तो चुकत नाही. नवखे आणि मुरलेले यांच्यातला खरा फरक पुढच्या फेकीत दिसतो.

आधी जागा. डिस्क जिथे पडली तिच्या मागे, बास्केटपासून लांबच्या बाजूला, 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल अशी एक पट्टी कल्पा. सोडताना एक पाय त्या पट्टीत टेकलेला हवा. दुसरा पाय कुठेही ठेवा, फक्त बास्केटकडे डिस्कच्या पुढे नको. डिस्क झाडावर अडकली असेल तर तिच्या बरोबर खालची जमीन ही तुमची जागा. पायाखालचा पाचोळा, सुटी काटकी बाजूला करता येते. जिवंत फांदी मोडता येत नाही, वाकवून दाबून धरताही येत नाही. उभं राहण्याच्या सगळ्या पर्यायांतून ज्यात झुडूप कमीत कमी हलेल तो निवडायचा. हा नियम फक्त स्पर्धेसाठी नाही. दर आठवड्याला पन्नास जणांनी एकेक फांदी मोडली तर दोन वर्षांत तो कोर्स झाडीतला राहणार नाही.

मग निर्णय. समोर झाडांची भिंत, मध्ये टोपलीएवढी फट, पलीकडे बास्केट. उजवीकडे वीस-तीस फुटांवर फेअरवे, म्हणजे टीपासून बास्केटकडे जाणारी मोकळी वाट. इथे नवख्याचा हात फटीकडे जातो. फटीतून गेली तर तीनात होल, आपटली तर डिस्क मागेच येते आणि पाच-सहा फेकी सहज होतात. उजवीकडे ढकलली तर जवळजवळ नक्की चार. मी फेअरवेवर ढकलतो आणि ज्यांना सोबत घेऊन जातो त्यांनाही तेच सांगतो. त्यासाठी उभं राहून नेहमीसारखं फेकायची गरज नाही. एक गुडघा टेकवून, फांद्यांच्या खालून, पुटर हळूच सरकवल्यासारखी टाका. तीस फूट गेली तरी काम झालं.

अगदीच काटेरी झुडपात जाऊन पडली असेल, पाय ठेवायलाही जागा नसेल, तर एक फेक दंड घेऊन बास्केट आणि डिस्क यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे येता येतं, जितकं हवं तितकं. एक फेक गेली म्हणून वाईट वाटेल. काट्यांत हातपाय ओरबाडून घेण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

दोघं-तिघं मिळून पहिल्यांदा जात असाल तर जोडीने खेळा. दोघांनीही फेकायचं आणि ज्याची डिस्क चांगल्या जागी पडली तिथून दोघांनी पुढची फेक करायची. एकाची डिस्क झाडात गेली तरी दुसऱ्याची मोकळ्यात असते, खेळ अडत नाही आणि रुसवेफुगवेही कमी होतात. मुलांना घेऊन जाताना तर हाच प्रकार उत्तम.

बास्केटजवळ

बास्केटपासून 10 मीटरच्या आत आलात की एक नियम बदलतो: डिस्क सोडल्यावर तोल सावरून उभं राहायचं, मगच डिस्कच्या पुढे पाऊल टाकायचं. धावत जाऊन टाकणं बंद.

झाडीत बास्केटच्या भोवतीही झाडं असतात, त्यामुळे सरळ उभं राहून टाकता येईलच असं नाही. पाय फाकवून, झाडाच्या एका बाजूने वाकून टाकण्याची सवय असू द्या. घरी पार्किंगमध्येही ती करता येते. निशाण म्हणून पूर्ण बास्केट नको, साखळीची एक कडी धरा. पाच-सहा मीटरवरून दहातल्या आठ जायला लागल्या की तुमचा स्कोअर झपाट्याने खाली येईल, टीवरची फेक तशीच राहिली तरी. लांबून टाकताना मात्र बास्केटच्या मागे काय आहे ते बघा. मागे उतार असेल आणि डिस्क कडेवर उभी पडली तर ती गडगडत पन्नास फूट जाऊ शकते. अशा वेळी जोरात मारण्यापेक्षा बास्केटच्या पायथ्याशी टाकून पुढच्या फेकीत आत घाला.

हरवलेली डिस्क

फेकून झालं की लोक वैतागून मान फिरवतात आणि डिस्क हरवण्याचं सगळ्यांत मोठं कारण तेच. डिस्क थांबेपर्यंत नजर हटवू नका. ती शेवटची दिसली तिथलं एखादं झाड लक्षात ठेवा आणि थेट त्या झाडाकडे चालत जा. शक्य असेल तर एकाने पुढे जाऊन बाजूला, एखाद्या जाड खोडाच्या आडोशाने उभं राहावं आणि डिस्क कुठे पडते ते बघावं.

शरद ऋतूत डिस्क पाचोळ्यावर पडत नाही, पाचोळ्याखाली सरकते. वरून काहीच दिसत नाही. अशा वेळी डिस्क शोधू नका, खूण शोधा. कोरड्या पानांच्या थरात एके ठिकाणी ओलसर, काळपट पानं वर आलेली दिसतील, कधी वीतभर, कधी हातभर लांब पट्टा. डिस्कने पानं उलटवलेली असतात. त्या पट्ट्याच्या पुढच्या टोकाला पायाने हळूच पानं सारा, प्लास्टिकचा घासल्याचा आवाज येईल. नियमाप्रमाणे शोधायला 3 मिनिटं मिळतात, नंतर एक फेक दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेक. मागे कुणी नसेल तर अर्थात जास्त वेळ शोधा. पंधरा डॉलरची डिस्क आहे.

माणसं, गोचीड आणि तीन पानं

पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फेकू नका. झाडीत माणसं दिसत नाहीत, तेव्हा शंका असेल तर एकाला पुढे पाठवा. डिस्क माणसाच्या दिशेने गेली तर "फोर!" असं मोठ्याने ओरडायचं, लाजायचं नाही. मागचा गट वेगाने खेळत असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या. नवख्यांनी एवढं केलं की कुणीही त्यांच्यावर नाराज होत नाही, उलट दोन गोष्टी शिकवून जातात. सार्वजनिक बागेत फिरायला आलेली माणसं, कुत्री, सायकली यांचा हक्क पहिला.

आता जंगलाचं. लाइम रोगाचे सर्वाधिक रुग्ण नोंदवले जाणाऱ्या राज्यांत फिलाडेल्फियाचं राज्य, पेनसिल्व्हेनिया, आहे. हा रोग गोचिडीपासून होतो आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला गोचिडीची पिल्लं एक-दोन मिलिमीटरचीच असतात, चटकन दिसत नाहीत. लांब पँट घाला, ती मोज्यांत खोचा, बुटांवर फवारा मारा. घरी आल्यावर अंघोळ करा आणि गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, केसांत नीट बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, आगकाडी असले उपाय करू नका. 24 तासांच्या आत काढली तर लाइमचा धोका फारच कमी असतो. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चट्टा पसरू लागला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल नक्की सांगा.

आणि पॉयझन आयव्ही. एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब. जमिनीवर पसरते, झाडांवर केसाळ वेलीसारखी चढते. ही आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्या कुळातली. ज्यांच्या अंगावर कधी बिब्बा उतलाय त्यांना अधिक सांगायला नको. खाज आणणारं तेल पानात, वेलीत, मुळात सगळीकडे असतं, हिवाळ्यात पानं गळाली तरीही. ते डिस्कलाही लागतं. डिस्क त्या वेलीतून गडगडत गेली, तुम्ही ती हातात घेतली आणि त्याच हाताने घाम पुसला, की दुसऱ्या दिवशी कपाळ सुजतं. म्हणून पिशवीत ओले रुमाल ठेवा, संशय आला की हात आणि डिस्क दोन्ही पुसा आणि घरी पोचल्यावर आधी साबणाने हात, मग बादलीत भांड्यांचा साबण घालून सगळ्या डिस्क धुवा. पिशवीचा पट्टा विसरू नका, डिस्क काढताना तोच हात तिथे लागलेला असतो.